प्रकरणं राहू द्या, आधी वही वाचा

प्रश्न थोडक्यात असा: "मी इंदुरातल्या एका शासकीय महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी पीएचडीची गाइडशिप मिळाली, तीन शोधार्थी आहेत. एक इथल्या बंद पडलेल्या हुकुमचंद कापड मिलच्या कामगारांच्या लढ्यावर काम करतो आहे, एक मुलगी निमाडातल्या, म्हणजे नर्मदाकाठच्या धरणविस्थापितांच्या आंदोलनावर, आणि तिसऱ्याचा विषय अजून ठरायचा आहे. मी स्वतः आंदोलनांवर कधी काम केलेलं नाही. विभागाकडे पैसा नाही. या मुलांना मी नेमकी काय मदत करू शकतो?"

तुम्ही स्वतः आंदोलनावर काम केलेलं नाही, हे तुम्ही जरा ओशाळून लिहिलंय. त्याची काळजी करू नका. ज्या गाइडनं तरुणपणी मोर्चे पाहिलेले असतात, तो शोधार्थ्याला आपल्याच आठवणी ऐकवत बसतो. मी हे केलेलं आहे. माझ्या पहिल्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडले की मला माझंच बोलणं ऐकू येतं, आणि ते काही सुखाचं नसतं.

तीसेक वर्षं निमाडात आणि इंदूरच्या मिल एरियात हिंडून, अकरा जणांना व्हायवापर्यंत, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंत पोचवून, मला एकच गोष्ट खात्रीनं सांगता येते. शोधार्थ्याची प्रकरणं वाचायची घाई करू नका, त्याची वही वाचा. फील्डवर नेतो ती वही, बसमध्ये हललेल्या अक्षराची. दर पंधरा दिवसांनी मागा आणि त्याच्यासमोर बसून वाचा. प्रकरण हातात येतं तेव्हा तिसरं वर्ष उजाडलेलं असतं आणि ज्या चुका व्हायच्या त्या होऊन गेलेल्या असतात. शिवाय प्रकरणात मुलं तेच लिहितात जे तुम्हाला आवडेल असं त्यांना वाटतं. वहीत तेवढी हुशारी करायला वेळच नसतो.

एका मुलीनं माझ्याकडे चाळीस पानांचं प्रकरण आणलं होतं. सगळं नेत्यांच्या भाषणांवर आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर. वाचायला बरं होतं, पण नवीन काही नव्हतं. मी सहज तिची वही मागितली. एका पानाच्या कडेला उभ्या ओळीत खरडलेलं होतं, "पिठाची वही, आजीकडे. फोटो राहिला." हे काय, म्हणून विचारलं. ती म्हणाली, तहसीलसमोरचा धरना बावीस दिवस चालला, तेव्हा कुठल्या गावातून किती पीठ, किती डाळ, किती लाकूड आलं याचा हिशोब एक म्हातारी बाई नातवाच्या शाळेच्या वहीत ठेवत होती. (मी मुद्दाम हिंदीतला 'धरना' लिहिते आहे. धरणाविरुद्धच्या धरण्याला 'धरणं' म्हटलं की वाचणारा बुडालाच.)

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघी गेलो. वहीचं कव्हर गेलेलं, पहिल्या चार पानांवर पाढे. मग सुरू होतं: डावीकडे गाव, मध्ये वस्तू, उजवीकडे 'जमा'. पहिल्या आठवड्यात सतरा गावांची नावं होती. नवव्या-दहाव्या दिवसापासून नदीकाठची मोठी, बागायती गावं एकेक करून गळत गेलेली. डोंगरातल्या तीन फळियांमधून (वस्त्यांमधून) मात्र मक्याचं पीठ बाविसाव्या दिवसापर्यंत येत राहिलेलं, कधी चार किलो, कधी अडीच. आंदोलन कोणाच्या खांद्यावर उभं होतं ते त्या बाईनं किलोंत लिहून ठेवलं होतं. मंचावर त्या तीन फळियांमधला एकही माणूस नव्हता. मुलीचा प्रबंध त्या दिवशी बदलला. प्रकरण वाचून मी व्याकरण सुधारलं असतं आणि ते परत दिलं असतं.

आता तुमच्या निमाडवाल्या शोधार्थीबद्दल. आरडीसीत, म्हणजे संशोधनाचा विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीत, तिला कोणीतरी नक्की सांगेल की सहमतीपत्रावर प्रत्येकाची सही किंवा अंगठा आण. पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच आहे. पण सरदार सरोवर धरणाच्या डूब क्षेत्रात, म्हणजे बुडणाऱ्या भागात, कागदावरच्या अंगठ्याला एक इतिहास आहे. जमिनीऐवजी रोख रक्कम देऊन लोकांना स्वतः जमीन विकत घ्यायला सांगण्यात आलं, आणि त्यातून खोट्या रजिस्ट्र्यांचं एवढं मोठं प्रकरण उभं राहिलं की मध्यप्रदेश उच्च न्यायालयाला २००८ मध्ये त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती झा आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल यायला २०१६ उजाडलं. अशा गावात शहरातून आलेली मुलगी छापील कागद पुढे करून "इथे सही करा" म्हणाली की समोरचा माणूस गप्प होतो. चहा येतो, पण बोलणं संपलेलं असतं.

त्यापेक्षा तोंडी सहमती घ्यावी आणि ती रेकॉर्ड करावी. मी कोण, कशासाठी विचारते आहे, नको वाटलं तर मधेच थांबवता येईल आणि सांगितलेलं खोडायलाही लावता येईल, एवढं त्यांच्या बोलीत सांगितलं की पुरे. दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारावं, कारण पहिल्या भेटीत लोक पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. आणि अंगठा का घेत नाही हे समितीला समजावणारं एक पानाचं पत्र तुम्ही लिहा. शोधार्थ्यानं लिहिलं तर समितीला तो कामचुकारपणा वाटतो. गाइडनं लिहिलं की तीच गोष्ट संशोधनपद्धती ठरते. तुमच्या पदाचा उपयोग असा करायचा असतो.

त्याच बैठकीत दुसरं पत्र तयार करा, हिंदीत, कॉलेजच्या लेटरहेडवर, खाली तुमचा मोबाइल नंबर. आंदोलन चालू असलेल्या गावात अनोळखी माणूस दिसला की चौकीवरून विचारणा होते, आणि गावकरीही विचारतात, तू कोणाचा माणूस? फोन आला तर उचला. रात्री साडेदहाला आला तरी. मुलगी फील्डवर असेल त्या दिवसांत ती कुठल्या गावी कोणाच्या घरी मुक्कामाला आहे हे तुम्हाला आणि तिच्या घरच्या एका माणसाला माहीत असावं. यापलीकडे तिच्या एकटीनं जाण्यावर प्रवचन देऊ नका. ते द्यायला घरात पुष्कळ जण आहेत.

नावं लपवण्याबद्दल माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या एका लेखात मी एका नावाड्याचं म्हणणं दिलं होतं. नाव बदललं, गाव बदललं, आणि स्वतःवर खूश होऊन लिहिलं की हा नावाडी फावल्या वेळात रेडिओ दुरुस्त करतो. त्या पट्ट्यात रेडिओ दुरुस्त करणारा नावाडी एकच होता. त्याला एका कार्यालयात तीन दिवस बोलावून बसवून ठेवलं. तो मला काही बोलला नाही, त्याची बायको बोलली: "मॅडम, नाव बदललंत, दुकान नाही बदललंत." तेव्हा तो लेख दोनशे लोकांनी वाचला असेल. आज प्रबंध मान्य झाला की शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढतो आणि ठेकेदारापासून ठाण्यापर्यंत कोणीही त्यात शब्द टाकून शोधू शकतो. म्हणून वही वाचताना प्रत्येक माणसाच्या वर्णनावर एकदा बोट ठेवून विचारा की यावरून गावातला कोणी त्याला ओळखेल का. ओळखणार असेल तर दोन माणसांचं वर्णन एकत्र करू नका, ते खोटं होतं. तो तपशील काढूनच टाका.

मिलवाल्या मुलाची अडचण वेगळी असणार, ती म्हणजे काळ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत. आंदोलनाला असा नियम नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटले ते २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. सुमारे ४८०० कामगारांचा तो हक्क होता, आणि त्यातल्या कित्येकांच्या वतीनं तो विधवांनी आणि मुलांनी घेतला. तुमचा मुलगा स्वाभाविकपणे शेवटाकडे धावेल, कारण कागद आणि फोटो २०२३ चे आहेत. त्याला मागे ढकला. कोर्टात तारखा पडत होत्या, वर्तमानपत्रात ओळही येत नव्हती, त्या वर्षांत मिलच्या गेटवर बैठकीला कोण येत होतं? वकिलाचा खर्च कोण गोळा करत होतं? ज्यानं मधेच येणं सोडलं त्यानं का सोडलं? आंदोलनाच्या अभ्यासातली रिकामी जागा नेहमी इथे असते. भडका सगळ्यांनी लिहिलेला असतो, निखारा कोणी राखला ते कोणी लिहीत नाही.

आणि त्याला अनंत चतुर्दशीला रात्रभर जागायला सांगा. मिलच्या झाँक्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या सजवलेल्या देखाव्यांची परंपरा शंभर वर्षांच्या घरातली आहे. मिली बंद पडल्या, तरी कामगारांनी वर्गणी मागून, नगर निगमाकडे आणि विकास प्राधिकरणाकडे खेटे घालून झाँक्या काढणं सोडलं नाही. आपल्या मराठी घरांत त्या रात्री गणपती बोळवून लोक मुलांना खांद्यावर घेऊन झाँक्या बघायला जातात आणि घरी येऊन झोपतात. शोधार्थ्यानं त्याच्या आधीचा महिनाभर जिथे झाँकी बांधली जाते तिथे बसावं. कोर्टात जे कामगार 'देणेकरी कंपनीचे दावेदार' असतात ते तिथे अजून वीव्हिंगवाले आणि स्पिनिंगवाले असतात. तीस वर्षं बंद असलेल्या खात्यांच्या नावानं एकमेकांना हाका मारतात. संघटना टिकते ती कशानं, याचं उत्तर मला तिथे मिळालं होतं, लेबर कोर्टाच्या फायलींत नाही.

भाषेचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण तो तुमच्या तिघांच्याही मानगुटीवर बसणार आहे. मुलं राजेंद्र नगर नाहीतर लोकमान्य नगरमधल्या घरात मराठी बोलतात, शिकली हिंदीत, सिद्धांत इंग्रजीत वाचतात आणि समोरचा माणूस निमाडी किंवा बारेलीत बोलतो. चार भाषांच्या चाळणीतून जे खाली पडतं ते गुळगुळीत असतं. मूळ शब्द वहीत जसाच्या तसा लिहायची सवय लावा. नर्मदेच्या या काठाला लोक 'डूब' म्हणतात, पलीकडे अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला 'बुडीत'. धरण एकच, पाणी एकच. पण निमाडात म्हातारा "मेरा घर डूब में है" असं म्हणतो, तेव्हा घर कोरडंच असतं, तो त्यात बसून तुमच्याशी बोलत असतो. डूब हा तिथे एक सरकारी दर्जा आहे, शिक्का आहे. 'पाण्याखाली गेलेलं घर' असं भाषांतर केलं की सगळा अर्थ गेला.

आकड्यांचंही तसंच. सरदार सरोवराच्या डूबमधली एका ठिकाणी २४४ गावं, दुसऱ्या ठिकाणी २४५ असं दिसलं की मुलं घाबरतात आणि कुठलातरी एक आकडा निवडून मोकळी होतात. मध्यप्रदेशातली १९२ गावं, महाराष्ट्रातली ३३, गुजरातेतली १९, आणि वर धरमपुरी हे एक शहर. शहर मोजलं की २४५, नाही मोजलं की २४४. आकडे जुळत नसतील तर त्यामागे कोण काय मोजतंय ते शोध, एवढं एक वाक्य शोधार्थ्याला पहिल्या वर्षी सांगितलं तर पुढचा बराच गोंधळ टळतो. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा तेही शिकवा. प्रश्न नेमका असला की तीस दिवसांत काहीतरी हाती लागतं, आणि नकार आला तर तोही कागदच आहे.

आंदोलनात स्वतः उतरायचं की नाही, हे तिघंही तुम्हाला विचारतील. माझं मत सरळ आहे: हाताला काम असेल तर करावं, लपवू नये. अर्ज लिहून द्यावेत, झेरॉक्स काढून आणाव्यात, धरन्यावर भाकरी थापाव्यात. फक्त एक खड्डा टाळायचा. माझ्या एका विद्यार्थ्यानं गावकऱ्यांसाठी कलेक्टरला द्यायचं ज्ञापन (निवेदन) लिहिलं. सुरेख लिहिलं. दोन वर्षांनी प्रबंधात तेच ज्ञापन त्यानं 'विस्थापितांची स्वतःची भाषा' म्हणून उद्धृत केलं. तो स्वतःच लिहिल्याचं विसरला होता! व्हायवात कोणाच्या लक्षात आलं नाही, पण माझ्याकडे त्याची जुनी वही होती आणि मसुदा तिच्यात होता. मी तो उतारा काढायला लावला, त्याचं तोंड आठवडाभर उतरलेलं होतं.

आणि ज्यांनी आंदोलन सोडलं, मुआवजा (नुकसानभरपाई) घेतला आणि निघून गेले, त्यांच्याकडे पाठवा. पटवाऱ्याकडे पाठवा. मिलच्या बाबतीत, ज्यांना कोर्टकज्ज्यांपेक्षा निम्मी रक्कम घेऊन मोकळं व्हायचं होतं अशांकडे. आंदोलनातल्या मित्रांना हे आवडत नाही, शोधार्थ्यालाही अवघडल्यासारखं होतं. तिथे तुमचं नाव पुढे करू द्या, "सरांनी सांगितलंय म्हणून आलोय." दोष घेण्यासाठीही गाइड लागतो.

तिसऱ्याचा विषय ठरायचा आहे ना? त्याला घरचा नळ दाखवा. नर्मदा म्हटलं की सगळ्यांना सरदार सरोवर आठवतं, १९८९ चा हरसूदचा धरणविरोधी मेळावा आठवतो. पण नर्मदा इंदुरात आणा म्हणून १९७० मध्ये याच शहरातले लोक रस्त्यावर उतरले होते, आणि १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी इथे पोचलं. एक शहर नदी मागायला रस्त्यावर आलं, काही वर्षांनी त्याच नदीकाठची गावं नदीसाठीच रस्त्यावर आली. ही दोन आंदोलनं एकाच प्रबंधात शेजारी ठेवायला हवीत, असं मला फार दिवस वाटतं. पहिल्यात भाग घेतलेली माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे विषय घ्यायचा तर या हिवाळ्यातच मुलाखती सुरू करायला हव्यात. त्याला बसभाडंसुद्धा लागणार नाही, जे तुमच्या विभागाला परवडेल.

पैशाचं म्हणाल तर, ज्याला जेआरएफ (यूजीसीची संशोधनवृत्ती) आहे त्याला महिना ३७,००० मिळतात, ज्याला नाही त्याला राज्य विद्यापीठात बहुधा काहीच नाही. म्हणून बिनपैशाच्या मुलाचा विषय लांबच्या जिल्ह्यात ठेवू नका, एवढी व्यवहारी गोष्ट गाइडनं करावी. उज्जैनचं सामाजिक विज्ञान शोध संस्थान तासा-दीड तासावर आहे, त्यांच्या ग्रंथालयात महिन्यातून एक दिवस तिघांना एकत्र पाठवा. लेख छापण्याची घाई नको. प्रबंधाआधी लेख छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ मध्ये गेली आणि त्यांची मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश तेवढा पाहून घ्या. पैसे घेऊन पंधरा दिवसांत छापणाऱ्यांचे मेल आले तर तिघांना समोर बसवून ते डिलीट करायला लावा.

आईवडील भेटायला येतील. आंदोलनावर पीएचडी केलेल्याला नोकरी कोण देतं, हा प्रश्न ते मुलाला रोज विचारतात आणि तुम्हाला एकदाच विचारतील. खोटी आशा लावू नका. विषय समाजशास्त्राचाच आहे, नेटचा (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास समांतर चालू आहे, एवढं सांगा आणि चहा पाजा.

महिन्यातून एका शनिवारी तिघांना घरी बोलवा. प्रत्येकानं वहीतली दोन पानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. प्रोजेक्टर नको. कोणी एखादं पान वाचता वाचता थांबला, आवाज बसला, तर घाई करू नका. दिवसभर दुसऱ्याच्या बुडालेल्या घराबद्दल ऐकून आलेलं मूल रात्री नीट झोपत नाही, आणि हे त्याच्या सिनॉप्सिसमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

शेवटचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण चौथ्या वर्षी तो येणारच: आंदोलनाचे कार्यकर्ते म्हणतील, प्रबंध जमा करण्याआधी आम्हाला दाखवा. दाखवावा. ज्यांनी वेळ दिला त्यांना त्यांचं म्हणणं हिंदीत वाचून दाखवावं, चौकात नव्हे, ज्याच्या त्याच्या ओट्यावर. तथ्य चुकलं असेल तर दुरुस्त करावं. एखाद्याला आपलं वाक्य मागे घ्यायचं असेल तर घेऊ द्यावं. निष्कर्ष पटला नाही म्हणाले, तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत तळटिपेत द्यावं आणि निष्कर्ष आहे तसा ठेवावा. हे सगळं शोधार्थ्यानं पहिल्याच भेटीत त्यांना सांगून ठेवलेलं असलं पाहिजे. सांगितलं होतं की नाही, ते तुम्हाला वहीच्या पहिल्या चार पानांत सापडेल.